पिस्तुलाची नळी : निगा आणि नेम

कला शाखेच्या वार्षिकांकात पिस्तुलाच्या नळीवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेत जाणारे विद्यार्थी आहेत, आणि संध्याकाळी नेमबाजी केंद्रावर सराव करणाऱ्या मुलींची संख्या तर दरवर्षी वाढते आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून पालकही मुलीने पिस्तूल धरले म्हणून फारसे दचकत नाहीत. केंद्रावर उभे कसे राहावे, श्वास केव्हा रोखावा, चाप कसा ओढावा यावर तासन् तास चर्चा चालते. नळीचा विषय निघाला की मात्र दोनच पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, रोज घासून लख्ख केलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, नळीला हात लावू नये, ती आपली आपण ठीक असते. गेली चार वर्षे केंद्रातील सामाईक पिस्तुलांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही पक्षांशी माझे वाद झाले आहेत. दोघांचेही थोडे थोडे चुकते असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी नळी म्हणजे काय ते पाहू. स्पर्धेतील २५ मीटरचे पिस्तूल पॉइंट टू-टू, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडते. नियमाप्रमाणे नळीची लांबी १५३ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्या भिंतीवर नागमोडी नव्हे तर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात, बहुधा सहा. दोन खाचांमधल्या उंचवट्यांत गोळीचे मऊ शिसे रुतते आणि गोळी फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, तीच गोष्ट येथे. या खाचांचा फेरा साधारणपणे १६ इंचांत एक पुरा होतो, म्हणून पिस्तुलाच्या नळीत गोळीला जेमतेम एक तृतीयांश फेरी मिळते. तरीही सेकंदाला २८० मीटर वेगाने बाहेर पडताना ती सेकंदाला जवळजवळ सातशे गिरक्या या गतीने फिरत असते. इंग्रजीत अशा खाचा पाडण्याच्या क्रियेला 'रायफल' करणे म्हणत. आपण ज्या शस्त्राला रायफल म्हणतो त्याचे नाव त्या खाचांवरून पडले आहे. या खाचा नेम का सुधारतात याची शास्त्रीय मांडणी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास केली. भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी जाता जाता आणखी एक सांगते : 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले असे मानतात.

आता साफसफाईकडे. रोज घासणाऱ्या पक्षाचा आग्रह कोठून आला, हे इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही. जुनी काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे उरतो. ठासणीच्या बंदुकीत चार-सहा बार काढले की नळीत एवढी काजळी साचे की पुढची गोळी गजाने ठासून खाली उतरवणे कठीण होई. खाचा असलेल्या नळीत तर अधिकच. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबीचे वंगण लावीत. हे वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८५७ आठवले असेल, आणि ते बरोबरच आहे. एन्फिल्ड रायफलीच्या ज्या काडतुसांवरून बराकपूर आणि मेरठ येथे ठिणगी पडली, त्यांच्यावरची चरबी ही मुळात नळी चोंदू नये व गोळी सहज सरकावी यासाठी होती. उठावाची कारणे अनेक होती आणि ती सर्व पाठ्यपुस्तकांत आहेत. पण नळीच्या निगेचा प्रश्न एखाद्या साम्राज्याच्या अंगाशी येऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि राखेचा प्रश्न बराचसा मिटला. मात्र दुसरा उरला. काडतुसाच्या बुडाशी जो पेट घेणारा मसाला असतो, त्यात त्या काळी पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचे सख्खे भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसे नळीतले हे मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि एका रात्रीत पोलादाला गंज चढवते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतीत. पाण्याने मीठ धुतले जाई आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. मग पितळी वजन लावलेली दोरी नळीतून सोडायची, तिच्या फासात चिंधी अडकवायची आणि ओढून काढायची. हिलाच आपले जवान आणि छात्रसैनिक 'फुलथ्रू' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ओळखू येतोच. कोरडी चिंधी चार इंच बाय दोन इंच, तेलाची थोडी अरुंद, असे मापही ठरलेले होते.

१९२० ते १९३० च्या दशकात न गंजवणारा मसाला बाजारात आला. आजच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसांत तोच असतो. म्हणजे ज्या कारणासाठी त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, नळी धुणे अत्यावश्यक होते ते कारण आपल्या आजी-आजोबांच्या बालपणीच संपले. आचार मात्र चालू राहिला. समाजशास्त्राच्या तासाला आपण रूढींविषयी जे शिकतो त्याला हे उदाहरण चांगले शोभेल.

मग आज नळीत साचते तरी काय? पॉइंट टू-टूची गोळी शिशाची, वजनाने साधारण २.६ ग्रॅम, आणि तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो. गोळी गेली की या वंगणाचा काही अंश नळीत राहतो, आणि तो हवा असतो. नळी या वंगणाने सारखी माखली गेली की गोळ्या एकसारख्या जातात. नळी स्वच्छ पुसल्यावर पहिल्या पाच-दहा गोळ्या थोड्या इकडेतिकडे पडतात त्याचे कारण हेच. दुसरी वस्तू म्हणजे काजळी. ही सर्वत्र सारखी नसते. काडतूस ज्या खोबणीत बसते त्या चेंबरच्या पुढच्या टोकाला, पितळी टोपी जेथे संपते नेमक्या तेथे, तिचे कडे तयार होते. हे कडे दगडासारखे कठीण होत जाते आणि एक दिवस काडतूस पुरते आत जात नाही किंवा रिकामी टोपी बाहेर निघत नाही. तिसरी वस्तू शिसे. नळी नीट असेल आणि वंगण पुरत असेल तर शिसे फारसे चिकटत नाही. चिकटलेच तर उंचवट्यांच्या कडेने करड्या रेघा दिसतात. चौथी गोष्ट ऐकून माझाही प्रथम विश्वास बसला नव्हता : कडेवर आघात करून पेटवल्या जाणाऱ्या या काडतुसांच्या मसाल्यात पुष्कळदा काचेची बारीक पूड मिसळलेली असते, घर्षणाने तो पेटावा म्हणून. हजारो गोळ्यांनंतर चेंबरच्या पुढचा तळाचा भाग थोडा खरखरीत होतो, त्यात या पुडीचा हात असतो.

म्हणजे खरा शत्रू आहे तो चेंबरच्या तोंडाशी आणि सांध्यांत. नळीच्या मधल्या भागात तो नाही. रोज घासणारे मात्र नेमका मधला भागच घासतात, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि चकाकला की समाधान वाटते.

या समाधानाची किंमत काय असते हे आमच्या केंद्रात एका मुलीने मोजली. अकरावीत होती, हात विलक्षण स्थिर. हवाई पिस्तुलावर उत्तम गुण काढणारी ही मुलगी पॉइंट टू-टूवर आली आणि तिचे गुण कोसळले. पहिल्या अचूकतेच्या फेरीत पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात, म्हणजे घाई नसते, तरी तिच्या दोन गोळ्या दहाच्या घरात आणि तिसरी एकदम सातात. सरांनी मूठ बदलून पाहिली, उभे राहणे बदलले, चापाचे वजन पुन्हा मोजले. दोन महिने गेले. राज्य स्पर्धेची निवड हुकली. "ताई, माझा हातच बिघडलाय," असे म्हणून तिने येणे कमी केले. शेवटी सरांनी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन अनुभवी नेमबाजांकडून दहा-दहा गोळ्या झाडून घेतल्या. दोघांच्याही गोळ्या सहा-सात सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरल्या. त्याच पेटीतली काडतुसे दुसऱ्या पिस्तुलातून अडीच सेंटिमीटरच्या आत बसली. २५ मीटरच्या निशाणावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले की या फरकाचा अर्थ कळेल. बिचारीचा हात ठीक होता. नळीचे तोंड बिघडले होते.

भिंगातून पाहिल्यावर तोंडाच्या आतील कड खालच्या बाजूने झिजलेली स्पष्ट दिसली. आमच्या आधीच्या कोणा उत्साही मंडळींनी वर्षानुवर्षे तोंडाकडून पोलादी गज घालून नळी घासली होती. हात खाली झुकतो, गज कडेवर टेकतो आणि दरवेळी रेसभर पोलाद खरवडून नेतो. नळीच्या तोंडाच्या या कडेला 'क्राऊन' म्हणतात. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू कडेने सर्व बाजूंनी एकदम सुटला पाहिजे. कड एका बाजूने झिजली की तेथून वायू आधी निसटतो, गोळीच्या बुडाला एका बाजूने धक्का देतो आणि ती डुगडुगत जाते. मध्ये नळी कितीही आरशासारखी असली तरी त्याचा उपयोग नाही. परवानाधारक कारागिराकडून तोंड पुन्हा कापून घेतल्यावर तेच पिस्तूल पूर्ववत झाले, आणि ती मुलगीही पुन्हा येऊ लागली. नळ्या गोळ्यांनी कमी आणि गजांनी जास्त खराब होतात असे जुने नेमबाज म्हणतात, ते उगीच नव्हे.

आता प्रत्यक्ष रीत. मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढून अडकवावा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीचे टोक लावूनही पाहावे. काडतुसांची पेटी त्या टेबलावर नको, शक्यतो त्या खोलीतही नको. पिस्तूल रिकामे आहे असे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः पाहावे, मग सांगणारे सर का असेनात. याबाबत माझ्याशी कोणी हुज्जत घालू नये.

रोजच्या सरावानंतर मी एवढेच करते : बोल्टचा पुढचा चेहरा, टोपी ओढणारा आकडा आणि चेंबरचे तोंड दात घासायच्या जुन्या ब्रशाने झाडून पुसते. नळीतून एक कोरडी चिंधी मागून पुढे ओढून काढते. मागून पुढे, म्हणजे गोळी जाते त्या दिशेने, म्हणजे घाण चेंबरमध्ये उतरत नाही आणि तोंडाची कड सुरक्षित राहते. काही पिस्तुलांचा बोल्ट काढला की मागून सरळ गज घालता येतो. ज्यांत येत नाही त्यांच्यासाठी दोरीच बरी, फुलथ्रूचेच धाकटे भावंड. फक्त ती दोरीही कडेला घासू न देता नळीच्या रेषेत सरळ ओढावी. ओढताना मधेच थांबून उलट फिरू नये. ब्रश असेल तर मुळीच नाही. त्याचे तंतू वाकतात आणि नळीत अडकून बसतात.

साधारण पाचशे-सहाशे गोळ्यांनंतर थोडी मोठी सफाई. चिंधीला सफाईचे द्रावण लावून ती नळीतून न्यायची आणि दहा मिनिटे स्वस्थ बसायचे. ही दहा मिनिटे कोणाला धरवत नाहीत. द्रावणाला काम करू दिले नाही की माणूस जोर लावू लागतो. मग चेंबरपुरता कांस्य तारांचा ब्रश घालून चार-सहा वेळा फिरवायचा, म्हणजे काजळीचे कडे सुटते. कांस्य पोलादाहून मऊ असते म्हणून चालते. पोलादी तारांचा ब्रश किंवा भांडी घासायची काथ्यासारखी तार नळीजवळ आणू नये. गज वापरायचा तर अखंड, पितळेचा किंवा वेष्टण चढवलेला असावा. तुकडे जोडून केलेल्या गजाचे सांधे उंचवट्यांना खरवडतात. नंतर कोरड्या चिंध्या, शेवटची जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. 'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. पांढरीशुभ्र चिंधी निघेपर्यंत जे घासत बसतात त्यांना मी दोन-चारदा हटकले आहे. नळी खिडकीकडे धरून पाहावी. शिशाच्या करड्या रेघा दिसल्या तरच नळीत ब्रश घालावा, नाहीतर नाही.

स्पर्धेच्या सकाळी नळी साफ करू नये. २५ मीटरच्या अचूकतेच्या फेरीआधी चाचणीच्या पाचच गोळ्या मिळतात. नळीला वंगणाचा थर चढण्यातच त्या खर्ची पडतील. मोठी सफाई स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी, आणि नंतर निदान एक सराव.

नळीत तेल असताना गोळी झाडू नये. पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात हा किरकोळ तोटा. चिंधीचा तुकडा आत राहिलेला असेल तर मात्र नळी फुगू शकते. याच जातीचा दुसरा धोका म्हणजे आवाज बारीक येणारे काडतूस. असा आवाज आला की ताबडतोब थांबावे, पिस्तुलाचे तोंड निशाणाकडेच ठेवावे आणि पंचांना बोलवावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी कायमची निकामी होते. हाताचेही काही सांगता येत नाही.

तेलाविषयी घरगुती मते पुष्कळ. शिवणयंत्राचे पातळ तेल चालते. खोबरेल चालत नाही. थंडीत ते थिजते हे सर्वांना माहीत आहे, आणि जुने झाले की चिकट होऊन धूळ धरते. खंडेनवमीला केंद्रावर शस्त्रपूजा होते, आणि मला ती आवडते. वर्षभर जिच्यावर आपण भरवसा टाकतो त्या वस्तूला हात जोडण्यात गैर काही नाही. मात्र ओले हळदकुंकू मुठीला लावावे, नळीला नाही. तलवारीसाठी चालणारा लिंबू-राखेचा उपचार तर पिस्तुलाच्या आसपासही नको. लिंबाचे आम्ल पोलादाला खाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिस्तूल फेसाच्या गादीच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नये. फेस ओल शोषून धरतो आणि नेमका टेकलेल्या जागी गंज उमटतो. चामड्याच्या म्यानाचेही तसेच. कोरड्या कपाटात, आत-बाहेर तेलाचा पुसट हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, आणि अर्थात कायद्याप्रमाणे कुलपात ठेवावे. बोटांच्या घामाचे ठसेही गंजतात म्हणून ठेवताना शेवटी पुसून ठेवावे.

हवाई पिस्तुलाचे प्रकरण वेगळे आणि सोपे. तेथे दारूच नाही, म्हणून काजळी नाही. ४.५ मिलिमीटरची शिशाची छर्रावजा गोळी दाबलेल्या हवेने जाते. नमद्याच्या लहान गुंडाळ्या मिळतात, त्या दोन-तीन एकदम घालून झाडल्या की झाले. तेल व द्रावणे मात्र दूर ठेवावीत, ती आतल्या रबरी कड्यांचा नाश करतात. हवेच्या नळकांड्यावर छापलेली मुदत पाहावी. ती दहा वर्षांहून अधिक नसते, आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. एवढे सगळे करूनही यंत्र दगा देऊ शकते हेही खरे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या हवाई पिस्तुलाची कळ तुटली आणि हातची मोलाची मिनिटे गेली. त्याच मनू भाकर यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली.

शेवटी शिशाविषयी, कारण याबद्दल केंद्रांवर सर्वांत कमी बोलले जाते. गोळी शिशाची, आणि पेट घेणाऱ्या मसाल्यातही शिशाचे संयुग असते. बार झाला की त्याची अतिसूक्ष्म धूळ हातावर, बाहीवर, केसांवर बसते, आणि नळी पुसताना चिंधीवर ती एकवटलेली असते. शिसे मज्जासंस्थेला घातक आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत, आणि आमच्याकडे दहा-बारा वर्षांची मुले येतात. सराव संपला की हीच मुले त्याच हातांनी चिवड्याचा डबा उघडतात. म्हणून यंदापासून आम्ही सफाईच्या टेबलावर खाणे बंद केले आहे. सफाई करणाऱ्याने पातळ रबरी मोजे घालायचे, वापरलेल्या चिंध्या धुऊन पुन्हा न वापरता पिशवीत बांधून वेगळ्या टाकायच्या. बंदिस्त रेंजची फरशी कोरड्या केरसुणीने झाडायची नाही, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायची. दाराजवळच्या नळावर साबण ठेवला आहे. तेथे हात आणि तोंड धुतल्याशिवाय कोणाचाही डबा उघडू दिला जात नाही. पहिल्या आठवड्यात मुलांनी कुरकुर केली. आता नळापाशी रांग लागते, आणि सर्वांत पुढे बहुतेक वेळा ती अकरावीची, आता बारावीत गेलेली मुलगी असते.